‘ब्लो-अप’चे दाणे पुसू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शहरातल्या एका सभागृहात नुकताच इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनी यांचा ‘ब्लो-अप’ (1966) दाखवला गेला. असा चित्रपट इंदुरात चारचौघांत बसून पाहायला मिळतो, याचा आनंद आहेच. पण पडद्यावर त्याचा जीवच हरवला होता. दोष प्रतीचा नव्हता, प्रोजेक्टरच्या सेटिंगचा होता.

या चित्रपटाचं रहस्य फिल्मच्या दाण्यांत, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं त्या बारीक ठिपक्यांत आहे. कथेतला छायाचित्रकार बागेतल्या फोटोचा एकेक तुकडा मोठा करत जातो. जितका मोठा, तितके दाणे फुटतात, आणि झुडपातला आकार माणसाचा की नुसते काळे-पांढरे ठिपके, हे ठरेनासं होतं. ‘नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर प्रोजेक्टर या दाण्यांनाच खराबी समजून पुसतो आणि उरतो गुळगुळीत डाग. ‘शार्पनेस’ चढवला तर उलटं: आकाराभोवती खोटी कड उमटते, दिग्दर्शकाने राखून ठेवलेलं उत्तर यंत्रच देऊन टाकतं. पहिलं बंद आणि दुसरं अगदी कमी ठेवावं. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद हवी, नाहीतर चित्रपट टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसतो.

चित्राची चौकट, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण, 1.85:1 आहे. 16 बाय 9 फुटांच्या पडद्यावर वर-खाली दोन-दोन इंच काळी पट्टी राहते, ती राहू द्यावी. ‘राशोमोन’सारखा 1.37:1 चौकटीचा चित्रपट पडदाभर फुगवला तर जवळजवळ पाव चित्र कापलं जातं! एवढ्या पडद्याला पूर्ण अंधारात प्रोजेक्टरच्या उजेडाचे 2000 ते 2500 ल्युमेन पुरतात, मात्र ते ‘सिनेमा’ मोडमध्ये मिळायला हवेत. खोक्यावरचा आकडा बहुधा सर्वांत भडक मोडचा असतो. बाहेर जाण्याच्या वाटेचे दिवे सुरक्षेसाठी लागतातच, त्यांचा उजेड जमिनीकडे वळवावा. रात्रीच्या बागेचा प्रसंग एका ट्यूबलाइटने धुऊन निघतो.

लांबी 111 मिनिटं. खेळ 107 मिनिटांतच आटोपला तर प्रत सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेमच्या वेगाची आहे. तिच्यात आवाजही किंचित चढे लागतात, आणि 24 फ्रेमच्या वेगासाठी बनवलेली, वेगळ्या फाइलमधली उपशीर्षकं तासाभरात दोन मिनिटांहून अधिक मागे पडतात.

आवाजाचं सर्वांत जास्त नुकसान पंख्यांनी केलं. फोटो एकामागून एक पाहताना पार्श्वसंगीत नाही, ऐकू येते ती पानांतून वाहणाऱ्या वाऱ्याची सळसळ. शेवटचा टेनिसचा प्रसंग तर एका बारीक आवाजावरच उभा आहे. म्हणून आदल्या दिवशी पंखे किंवा एसी चालू ठेवून, शेवटच्या रांगेत बसून आधी हे दोन प्रसंग ऐकावेत आणि आवाज त्यांवर बेतावा. मग चित्रपटातलं क्लबमधलं गाणं लावून स्पीकर फाटत नाहीत ना, ते पाहावं. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, तेव्हा चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देणारा कृत्रिम ‘सराउंड’ नको.

आणि मध्यंतर टाळावं. फोटो मोठे करण्याचा भाग चित्रपटाच्या मध्याच्या आसपासच येतो. चहा खेळानंतर ठेवला तर चर्चेलाही लोक थांबतील.

आपले,
काही चित्रपटप्रेमी वाचक, इंदूर