आत्याला सांगा, शब्द टाकता येत नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, तब्येतीची काळजी नको. आत्याच्या थोरल्यासाठी माझ्या कंपनीत शब्द टाक असं तुम्ही लिहिलंत. त्याने इथे अर्ज जरूर करावा. शब्द मात्र मला टाकता येणार नाही, इथले नियम तसे आहेत. नातं मी लेखी कळवणार आणि अर्जांची चाळणी, मुलाखत, पगार या सगळ्यांतून बाजूला राहणार. त्यानेही अर्जात नातं लिहावं. नातं असलेलं चालतं. लपवलेलं सापडलं तर दोघांचीही नोकरी धोक्यात.

इथली भेटवस्तूंची वही तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पुरवठादाराने काही दिलं की देणाऱ्याचं नाव, अंदाजे किंमत, त्याचं टेंडर आपल्याकडे चालू आहे का, कुणाच्या परवानगीने घेतलं, सगळं लिहायचं. गंमत म्हणजे नाकारलेली भेटही लिहायची! चार जणांच्या नोंदींत एकच पुरवठादार दिसला की तो फट शोधतोय हे कळतं. वर्षअखेरीला आठवून भरलेली वही कुचकामी. आणि साहेबांचं पान कोरं राहिलं की खालचेही लिहिणं सोडतात. इथला, म्हणजे ब्रिटनचा, लाचविरोधी कायदा २०१० चा, लागू झाला १ जुलै २०११ ला. कंपनीसाठी कुणी लाच दिली तर कंपनीही अडकते; ती रोखायची पुरेशी व्यवस्था होती, हे तिनेच सिद्ध करायचं. म्हणून वहीला एवढा मान. भलेपणा थोडा, धास्ती जास्त, असं माझं मत.

बाबा, 'परक्या देशात साहेबांविरुद्ध तोंड उघडू नकोस' असं लिहिलंत. मी काही तलवार उपसून बसलेलो नाही. गैरप्रकार कळवणाऱ्याला इथल्या १९९८ च्या कायद्याने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पक्का पुरावा लागत नाही, संशयाला वाजवी आधार हवा. अर्थात छळ झालाच तर न्यायाधिकरणात दाद मिळते ती नंतर. म्हणून तारीखवार लिहायचं, पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायचं, गोपनीय कागद घरी न्यायचे नाहीत. नाहीतर चौकशी आपलीच सुरू होते. एवढं मला कळतं, निश्चिंत राहा.

पैसे या आठवड्यात खात्यात येतील. कर्जाचा हप्ता आणि हॉलची अनामत त्यातून भागवा. ताईच्या साखरपुड्याला मात्र येणं जमत नाही. रजा मागितली तर मिळेल, पण ऑडिट त्याच आठवड्यात आहे आणि वही माझ्याकडे. ताईला मीच फोन करतो, तुम्ही आधी सांगू नका. लग्नाला नक्की येतो. आई, फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते. मी नाही म्हटलेलं नाही, जरा थांब एवढंच.

आपला आज्ञाधारक