‘मेजर’ घरी आले, पण... : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माजी हवालदाराची बायको. फौजेतून पेन्शनवर आलेल्या कुणालाही आमच्याकडे ‘मेजर’ म्हणतात, तसे हेही मेजर. आले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. वेशीपासून हार, डीजे, उघड्या जीपमधून मिरवणूक. फटाक्यांची माळ लागली आणि ह्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. लोकांकडे बघून मात्र हसत होते.

आता रात्री तीनतीनदा कडी तपासतात. पहाटे साडेचारला उठायचं, दाढी करायची, बूट चमकवून ओट्यावर बसायचं. जायचं कुठंच नसतं. बँकेच्या दारावर सिक्युरिटीची नोकरी लागली होती. मॅनेजरनं चहा आणायला सांगितला, त्याच दिवशी सोडली. धाकट्यानं आजीला विचारलं, पप्पांची सुट्टी कधी संपणार?

हे सगळं मी एका कार्यालयात सांगून बघितलं. पेन्शन येते ना? येते. ओळखपत्र मिळालं? मिळालं. मग वहिनी, अडचण काय? समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याच्या फॉर्मात तेवढेच रकाने होते.

टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर मला ठाऊक आहे. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर २०२३ मध्ये फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला, तेही वाचलं. चांगलंच झालं. पण ह्यांचं म्हणणं, “मी वेडा आहे का फोन करायला?” जो माणूस ताप आला तरी सांगत नाही, तो आपणहून नंबर फिरवेल होय?

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दवाखाने केंद्राचे, ते तुमच्या हातात नाहीत. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं राज्याची आहेत. तिथले कल्याण संघटक बहुतेक स्वतः फौजी. त्यांच्यापुढं हे मोकळे होतात, माझ्यापुढंही होत नाहीत तेवढे. त्यांना ऐकायचं आणि ओळखायचं प्रशिक्षण द्या. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारवाले महिन्यातून एक दिवस त्याच कार्यालयात बसवा, दारावर ‘मनोरुग्ण’ अशी पाटी न लावता. आणि फौजेतून सुटल्यावर डिस्चार्ज बुकाची नोंद करायला माणूस येतो, तेव्हा बायकोलाही बोलवा. झोप लागते का, हे तिला विचारा. खरं तीच सांगेल.

आणखी एक. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्यातल्या चार अग्निवीरांतले तिघं चार वर्षांनी घरी परतायचे, तेही पेन्शनशिवाय. विशी-पंचविशीतली पोरं ती. त्यांच्या नोकरीबद्दल सगळे बोलतात, मनाचं कोण बघणार तेही आधीच ठरवा.

कल्याण संघटकांच्या तालुक्याच्या पुढच्या दौऱ्याला असं मनाचं ऐकणारं कुणी येणार असेल, तर मला कळवा. मी ह्यांना घेऊन येते. पेन्शनच्या कागदाचं काम आहे म्हणून सांगेन, म्हणजे येतील.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी