छात्राध्यापकांना मुलांच्या वह्या दाखवा

महोदय,

शिक्षक होण्यासाठी किती वर्षांचे प्रशिक्षण हवे, यावर सध्या बरीच चर्चा चालू आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची एकात्मिक (पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र असलेली) बी.एड. पदवी २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता ठरायची आहे. शिवाय पदवीधरांसाठी दोन वर्षांचा आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा मार्गही धोरणात आहे. मात्र या वर्षांमध्ये भावी शिक्षक खऱ्या वर्गात काय करतो, याची विचारपूस फारशी होत नाही.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, तेव्हा शाळेतील अनुभवासाठी एकूण २० आठवडे ठरले, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. मोजक्या सराव पाठांच्या बळावर नोकरीला लागलेल्या माझ्या पिढीला ही तरतूद हेवा वाटावी अशीच आहे. परंतु माध्यमिक शाळेत गणित शिकवताना मी छात्रसेवाकालाला, म्हणजे शाळेतील या अनुभवासाठी, आलेल्या छात्राध्यापकांच्या (प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या) अनेक तुकड्या जवळून पाहिल्या, आणि हे आठवडे बहुतांशी पाठांची संख्या भरण्यात जातात, असे मला खेदाने नमूद करावे लागते.

आमच्याकडे आलेल्या एका छात्राध्यापिकेने सहावीच्या वर्गावर भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ घेतला. टाचण (पाठाचा लेखी आराखडा) नेटके, हेतुकथन (आज काय शिकायचे हे सांगणे) वेळेवर, तक्ता रंगीत, फळालेखन सुबक. निरीक्षकांनी चांगला शेरा दिला आणि ते पुढच्या पाठाला गेले. मधल्या सुट्टीत मी त्याच वर्गाच्या वह्या तिच्यासमोर ठेवल्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे उत्तर एकामागून एक वहीत निघाले. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मुले मोकळी झाली होती. तिने लाल पेन उचलले होते, ते खाली ठेवले. दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान, एवढेच मी विचारले. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “सर, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं.” दुसऱ्या दिवशी ती तक्ता न घेता ब तुकडीवर गेली आणि तिने हाच प्रश्न मुलांपुढे ठेवला. माझ्या मते तिचा खरा पहिला पाठ तोच. त्या तासाला निरीक्षक नव्हते, त्यामुळे तो कोणत्याही नोंदवहीत आला नाही.

चूक त्या निरीक्षकांची नाही. एका दिवसात अनेक पाठ पाहायचे असतील, तर टाचण आणि फळाच तपासला जाणार. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे, तिथपर्यंत पोहोचायला सवडच नसते. ज्या विषयशिक्षकाला तो वर्ग वर्षभर माहीत असतो, त्याला या प्रशिक्षणात जवळजवळ स्थानच नाही. त्याने आपला तास सोडून द्यायचा आणि शेवटी सही करायची. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षक प्रशिक्षण संस्था विद्यापीठांपासून आणि शाळांपासूनही तुटलेल्या आहेत, असे स्पष्ट सांगितले होते. महाराष्ट्रातलेच शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते, म्हणून महाराष्ट्राने तरी ते अधिक मनावर घ्यायला हवे होते.

विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की, छात्राध्यापकाला किमान एक सत्र एकाच वर्गासोबत राहू द्यावे, पाठांची सक्तीची संख्या कमी करून मुलांच्या वह्यांतील चुकांचा अभ्यास मूल्यमापनात धरावा, आणि विषयशिक्षकाला मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमून त्या कामासाठी त्याच्या वेळापत्रकात तास राखून ठेवण्याचा शाळांशी करार करावा. विभागातील प्राध्यापकांनीही आठवड्यातून एक तास त्या शाळेत स्वतः शिकवावा आणि तो तास छात्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसून पाहावा.

– एक निवृत्त गणित शिक्षक, जि. सातारा