बाळाचे तळपाय उलटून पाहणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

९ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीसाठी उपकेंद्रात आणलं, तेव्हा टोचायच्या आधी तुम्ही त्याचे तळपाय उलटून पाहिलेत. बारीक पुळ्या होत्या. मी समजत होते, उष्णता बाहेर पडतेय. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत: "रात्री जास्त खाजवतो का? घरात आणखी कोणाला?" माझा हात आपसूक पदराखाली गेला. तुम्ही तो धरलात, खिडकीपाशी नेऊन बोटं फाकवलीत आणि बेचक्यातली करडी, नागमोडी रेघ दाखवलीत. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किड्याची मादी कातडी पोखरत जाते, आत अंडी घालते, त्या वाटेची ती खूण.

त्याआधी दीड महिना मी मेडिकलमधून आणलेली नायट्याची ट्यूब चोळत होते. तिच्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवस खाज दबायची, मग दुपटीने उठायची.

'खरूज' हा शब्द तुम्ही रांगेतल्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात उच्चारलात. वर म्हणालात, "रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते, बाई. एका अंथरुणात झोपलं की पुरे." मला तिथेच रडू आलं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम दिलं. ह्यांना खाजच नव्हती, ते लावून घेईनात. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात, हे तुम्ही त्यांना फोनवर समजावलंत. त्या रात्री आम्ही पाचही जणांनी मानेपासून तळपायापर्यंत मलम लावलं. बाळाला डॉक्टरांनी सांगितलं तसं डोक्यालाही, आणि बोटं चोखू नयेत म्हणून हातांत मोजे. सकाळी चादरी गरम पाण्यात, मग कडक उन्हात. आठवड्याने पुन्हा तेच सगळं.

दहाव्या दिवशी परत खाजलं, तेव्हा माझा धीर सुटला होता. किडे मेले तरी खाज २ ते ४ आठवडे राहते, उगाच मलम चोळू नका, असं तुम्ही म्हणालात म्हणून थांबले. आता बाळ रात्रभर झोपतं.

एक सांगायचं राहिलं. दिवाळीत नणंद मुलांना घेऊन आली होती, सगळी एकाच गादीवर झोपायची. तुम्ही सांगितलंत त्याच संध्याकाळी तिला फोन करून शब्द न चोरता म्हटलं, "वन्सं, आमच्याकडे खरूज निघालीय." पलीकडे जरा वेळ आवाजच नाही. मग हळूच म्हणाल्या, "अगं, माझी दोघंही रात्रभर खाजवतायत गं."

तुमची ऋणी,
त्या बाळाची आई