पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा दुसऱ्या मिनिटाला "बरां, बरां" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलंस काय?" वर येते. म्हणून लिहून पाठवते आहे. आईने मोठ्याने वाचावं, बाबांनी मधे बोलू नये.

बाबा, परवा माझ्या खात्यात नऊ हजार जमा झाले. खाली "चिऊची गाडी" असं लिहिलेलं. शेजारच्या काकांच्या नातवाकडे बघितलीत ती ना, आत बसून चालवायची, बॅटरीवरची? पैसे मी आज परत पाठवलेत. रागावू नका. आमच्या दोन खोल्यांत ती गाडी सोफ्यापासून फ्रिजपर्यंत जाईल आणि तिथून वळवायला तुमच्या जावयांना उठावं लागेल. आणि नऊ हजार म्हणजे तुमच्या पेन्शनीतले किती दिवस, हा हिशेब मला येतो. कंडक्टरची मुलगी आहे.

तर तुमच्या नातीच्या वाढदिवसाची खरेदी झाली. सगळी डी-मार्टातून. आई, गेल्या दिवाळीत तू आलेलीस, साखर स्वस्त म्हणून पाच किलो घ्यायला लावलीस आणि मुंग्यांशी आम्ही शिमग्यापर्यंत लढत होतो, तेच दुकान. तू खालूनच परत आलीस. खेळणी वरच्या मजल्यावर असतात, बादल्या आणि चादरींच्या पलीकडे. तिथे पोचेपर्यंत ट्रॉलीत तूरडाळ, तेल, भांड्यांचा साबण असं सगळं असतं. मला ते बरं वाटतं. डाळीच्या शेजारी ठेवलेल्या बाहुलीची किंमत डाळीच्या मापाने कळते. मॉलमधल्या काचेच्या, गाणी लावलेल्या खेळण्यांच्या दुकानात माझं डोकं चालत नाही, हजार रुपयेही किरकोळ वाटायला लागतात.

तिथे चिऊला घेऊन जाते तेव्हा मी काय करते सांगू? सोनुर्लीची जत्रा. बाबा, तुम्ही मला आणि दादाला दोन्ही हातांना धरून आधी सगळी जत्रा फिरवायचात. पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. पिपाणीवाला, फुगेवाला, ती प्लॅस्टिकची घड्याळं, ज्यांचे काटे कायम दहा दहावर. दुसऱ्या फेरीत एकच वस्तू. दादा पहिल्याच दुकानासमोर भोकाड पसरायचा, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "पैशे काय झाडाक लागतत?" आणि तरी दुसरी फेरी व्हायचीच. मला तेव्हा वाटायचं तुम्ही उगाच छळता. आता वाटतं, त्या फेरीत तुम्ही खिशातले पैसे मनात मोजत असणार. की रात्र झाली की दुकानदार भाव पाडतो, म्हणून? हे मी कधी विचारलंच नाही. आल्यावर सांगा.

चिऊसाठी नियम तोच, फक्त सोय अशी की पहिल्या फेरीत तिला आवडेल ते ट्रॉलीत टाकू देते. कालच्या फेरीत गुलाबी स्कूटर, डॉक्टरचा संच, साबणाचे फुगे काढायची बंदूक, एक अस्वल आणि कुणाच्या तरी ट्रॉलीतून आपल्याकडे आलेला टिफिन, एवढं जमलं. मग कोपऱ्यात उभं राहून एकेक परत. तिथला मुलगा आता ओळखतो, हसतो. अस्वलाला परत ठेवताना तिने त्याला "पुढच्या महिन्यात" असं सांगितलं. वाढदिवस म्हणून यंदा चार वस्तूंची मुभा होती. भातुकलीचा संच 249, लाकडी तुकड्यांचं पझल 99, रंगीत माती 85, चेंडू 60. बाबा, बेरीज करू नका, 493 होतात.

यात वाजणारं, चमकणारं एकही नाही आणि ते मुद्दाम. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. गेल्या वर्षी एका दुकानातून चमकणारा चेंडू आणला होता. आठवड्यात त्याचं झाकण निघालं. स्क्रू नव्हताच, नुसतं दाबून बसवलेलं. समोरच्या घरातलं दीड वर्षाचं बाळ आमच्याकडे रांगत होतं आणि त्याच्या मुठीत बटणाएवढा चपटा सेल. तोंडात गेला नव्हता. पण त्या बाळाच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. तो सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते, नाणं गिळण्यासारखं ते नाही. तेव्हापासून सेलचं खेळणं हातात घेतलं की आधी उलटं करते. झाकणाला स्क्रू नसेल तर परत फळीवर. तुमच्याकडे कपाटात तो गाणारा पोपट आहे ना, त्याचंही झाकण बघून ठेवा.

आणि बाबा, एक काम तुमच्यासाठी. तुम्हाला तिकिटांच्या ब्लॉकचे नंबर तपासायची सवय होती, ती इथे कामाला येईल. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खुणेच्या वर आयएस 9873 असं असतं, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यावर आयएस 15644, आणि खाली सीएम/एल लिहून एक लांबलचक नंबर. फोनवर बीआयएस केअर नावाचं ॲप घ्या, ही खूण देणाऱ्या सरकारी संस्थेचंच आहे. त्यात तो नंबर घातला की कंपनी कुठली, परवाना चालू आहे की संपला, ते येतं. तुमचे जावई म्हणतात, अडीचशे रुपयांच्या भातुकलीसाठी एवढी चौकशी? मी म्हटलं, स्वस्ताचीच करायची असते. महागाचं खेळणं मी घेत नाही, त्याची कोण करणार!

आईचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो, मग चितारआळीतल्या खेळण्यांवर कुठे असते ती खूण? नसते, आणि चालतं. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला त्या सक्तीतून सूट आहे. नाहीतर आपल्या सावंतवाडीच्या लाकडी केळ्या-आंब्यांना सरकारी शिक्का मारावा लागला असता.

कराचंही सांगते, बाबांना बिल वाचायला आवडतं म्हणून. 22 सप्टेंबर 2025 पासून साध्या खेळण्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर अजून 18 आहे. म्हणजे न वाजणारं खेळणं आता सरकारच्या हिशेबातही स्वस्त. कर छापील किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे दुकानदाराने वर आणखी मागितला तर द्यायचा नाही.

आता रिटर्न गिफ्ट. आई, हे प्रकरण तुला पटणार नाही. आमच्या वाढदिवसाला तू पोहे आणि शेवयांची खीर केलीस की मुलं खाऊन घरी जायची. इथे आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात जाताना काहीतरी द्यावं लागतं, आणि सोसायटीत त्याचे भाव चढत चाललेत. मागच्या वाढदिवसाला एकीने सोळा मुलांना सोळा पाण्याच्या बाटल्या दिल्या, वर प्रत्येकाचं नाव. मी खेळण्यांच्या फळीकडे बघितलं. पन्नासच्या आत जे होतं ते घरी पोचेपर्यंत मोडलं असतं. मग सरळ भांड्यांच्या रांगेत गेले. स्टीलचे छोटे झाकणाचे डबे, 45 रुपयांना एक. सोळा घेतले, 720 झाले. आत चिक्की घालणार आहे. चिक्की खाऊन झाली की डब्यात आया जिरं ठेवतील, मला माहीत आहे. चिऊ म्हणाली, "हे गिफ्ट नाही, हे किचन आहे." तिला म्हटलं, तुला भातुकली चालते आणि त्यांना डबा नाही? गप्प बसली, पण पटलेलं नाही.

म्हणजे सगळं मिळून 1213. केक मी घरी करते आहे, तो कसा होईल ते देव जाणे.

तुम्ही येताना मात्र एक आणा. भातुकलीच्या संचात प्लॅस्टिकची फळं आहेत, मधे कापायची, चिकटपट्टीने जोडलेली. टोमॅटो आणि संत्रं यांच्यातला फरक फक्त देठाचा. चितारआळीतून थोडी लाकडी फळं आणा, छोटी. आंबा, केळं, सीताफळ असलं तर सीताफळ. मोठी परडी नको, चार पुरे. मला तुम्ही आणलेलं ते लाकडी वांगं आठवतं, ज्याचा रंग मी चाटून बघितला होता आणि आईने पाठीत धपाटा घातला होता. ते अजून माळ्यावर असेल तर तेही आणा.

आणि बाबा, गाडीच्या पैशांचं पुन्हा काढू नका. फारच वाटत असेल तर आल्यावर चिऊला घेऊन तुम्ही एकदा त्या वरच्या मजल्यावर जा. दोन फेऱ्या मारा. दुसऱ्या फेरीत जी एक वस्तू ठरेल ती तुमच्या पैशाने. मी येणार नाही, नाहीतर मी मधे बोलेन. अस्वल अजून तिथेच असावं.

एसटीनेच येणार हे ठाऊक आहे. आईचं तिकीट अर्धं लागेल, ते काढायला विसरू नका. विसरणार नाही म्हणा तुम्ही. रात्रीची गाडी असेल तर आईला खिडकी नको, तिला गगनबावड्याच्या घाटातल्या वळणांवर गाडी लागते. स्वारगेटला किती वाजता पोचता ते आदल्या दिवशी कळवा, हे घ्यायला येतील.

चिऊने खाली जे काढलंय तो बैल नाही, तुम्ही दोघं आहात.

तुमची,
सुमी