मे महिन्यात शिक्षकांसाठी फ्रेंचचं एम.ए. हवं

महोदय,

मी न्यू जर्सीतल्या शाळेत फ्रेंच शिकवते. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजच्या, १९१६ साली सुरू झालेल्या फ्रेंच स्कूलमध्ये उन्हाळ्यामागून उन्हाळा राहून मी एम.ए. करते आहे. नोकरी सोडावी लागली नाही. तिथे फक्त फ्रेंचच बोलण्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा फ्रेंचमध्येच मागायचं. ‘इल फो क जाय’ (मला जायलाच हवं) हे वाक्य मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण विचार न करता तोंडून निघालं ते तिथेच, वर्ग गाठायच्या घाईत.

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी शाळांमधून मन लावून फ्रेंच शिकवतात. त्यांच्यासाठी आपल्या विद्यापीठांनी मे महिन्यात असा निवासी अभ्यासक्रम सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

– एक फ्रेंच शिक्षिका, न्यू जर्सी