मासा काय करायलाय ते सांग

परभणीच्या काकांना,
सा. न. वि. वि.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडून बसलोय, यावरून घरचे अजून टोमणे मारतात. तुम्ही हसला नाहीत. रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन, तोही क्लाउनफिश या केशरी-पांढऱ्या समुद्री माशांच्या जोडीसाठी, आणि तुम्ही म्हणालात, "काय झालंय ते राहू दे. मासा काय करायलाय ते सांग."

मी 'व्हाइट स्पॉट', म्हणजे अंगावर पांढरे दाणे येणारा माशांचा रोग, ठरवूनच फोन केला होता. दुकानदारानंही तेच सांगून टाकीत ओतायला बाटली दिली होती. तुम्ही मात्र विचारतच गेलात. मादी दिवसभर वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड घालून उभी. मला वाटलं खेळतेय. लाइट लावला की दोघं दगडाआड. खाणं बंद. कल्ल्यांची उघडझाप मोजायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. मोजली तर मिनिटाला शंभराच्या वर! मग अंधार करून टॉर्च तिरका धरायला लावलात. मिठासारखे दाणे नव्हतेच, सोनेरी भुकटी भुरभुरावी तशी अंगावर साय होती.

"वेल्व्हेट हाय. हा परजीवी आधी कल्ल्यांत बसतो. तिला दम लागलाय, म्हणून झोतात उभी राहायलीय."

बाटली तांब्याच्या औषधाची निघाली. औषध बरोबर, जागा चूक. टाकीत ओतलं असतं तर कोळंबी आणि प्रवाळ सगळेच गेले असते. मध्यरात्री प्लास्टिकच्या टपात हीटर आणि एअरपंप लावून दवाखाना उभा केला. तापमान अन् पीएच जुळवलेल्या आरओच्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं आंघोळ, मग टेस्ट किटनं मोजून तांबं, तीस दिवस. मोठी टाकी सहा आठवडे माशांविना, परजीवी उपाशी मरावा म्हणून.

मादी पहाटे गेली. उशीर माझा होता. मुंबईहून आणलेला पिवळा टँग मासा आधी वेगळा न ठेवता थेट टाकीत सोडला होता, रोग त्याच्यासोबतच आला असावा. तोही गेला. ते सांगताना मला लाज वाटत होती, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. उलट रोज सकाळी "कल्ले किती?" असा मेसेज.

नर वाचला, काका. काल पहिल्यांदा हातातून खाल्लं. तुम्ही म्हणालात तसं, जोडीतली मादी गेली की नराचीच मादी होते. म्हणून आई आता त्याला 'बाई' म्हणते. जोडीला छोटा नर आणतोय. टप धुऊन ठेवलाय.

आपला,
लातूरचा एक मासेवाला